काळजाभोवतीचं पाणी आणि काकाचा पानाड्या

दिवाळीनंतर अण्णांना दम लागायला लागला, आधी वाटलं वय झालं, मग म्हणलं कापसाची धूळ असंल, शेवटी रात्री आडवं पडता येईना तवा गेवराईहून गाडी करून संभाजीनगरला आणलं. इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, केला. हार्टच्या भोवती जी पिशवी असते तिच्यात पाणी साचलंय म्हणले. एरवी तिथं १५ ते ५० मिली असतं, वंगणापुरतं. अण्णांचं लिटरच्या आसपास! हळूहळू साचलं म्हणून पिशवी ताणत गेली, एकदम साचलं असतं तर २०० मिलीसुद्धा हार्ट आवळायला पुरतं.

सुई घालून काढावं लागेल म्हणल्यावर काकाचा चेहराच उतरला. काकानं शेतात तीन बोर घेतलेत, तिन्ही पानाड्यानं तळहातावर नारळ उभा करून दाखवलेल्या जागी, तिन्ही कोरडे. त्यामुळं त्याचा पहिला प्रश्न, "डॉक्टरसाहेब, पाणी नेमकं कुठंय हे तुम्हाला कसं कळणार?"

प्रश्न बरोबर होता की. पूर्वी अंदाजानंच करायचे, छातीच्या मधल्या हाडाच्या खालून डाव्या खांद्याच्या दिशेनं सुई. बोर चुकला तर धुरळा निघतो, इथं चुकलं तर हार्टला नाहीतर लिव्हरला भोक. अमेरिकेत मेयो क्लिनिकवाले १९७९ पासून इकोत बघून करायला लागले, जिथं पाणी जास्त आणि कातडीच्या जवळ तिथूनच सुई.

मी वाळूजला व्हीएमसीवर (प्रोग्रॅमवर चालणारं धातू कापायचं मशीन) काम करतो, तर माझ्या डोक्यात वेगळंच चालू. आम्ही जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, व्हाइसच्या शिकंजात घट्ट आवळतो, झिरो घेतो म्हणजे मोजायची सुरुवात कुठून ते मशीनला सांगतो, मग कापायचं टूल खाली. हार्टला कोण आवळणार? ते हलतंय, श्वासानं छाती हलतीय. घरी येऊन वाचलं तर फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या लोकांनी १९९० च्या दशकात हेच धरून सिस्टिम बनवली होती, कॅस्पर नावाची. कॅमेरा सोनोग्राफीचा प्रोब आणि सुई दोन्ही कुठं आहेत ते बघत राहतो, कॉम्प्युटरवर आधीच रस्ता आखायचा आणि सुई त्या रस्त्यावर आहे का ते स्क्रीनवर दिसतं. सुई ढकलतो मात्र डॉक्टरच, हे मला लई आवडलं (आमच्याकडं प्रोग्रॅमवर आंधळा भरवसा ठेवून टूल तोडणारे कमी नाहीत).

अण्णांचं साध्या इकोवरच झालं. नंतर डॉक्टरांनी रेकॉर्डिंग दाखवलं, सुई पोचल्यावर घुसळलेलं सलाईन सोडलं तर पांढरे बुडबुडे पिशवीतच फिरले, म्हणजे जागा बरोबर. मग बारीक नळी ठेवली, पाणी लालसर निघालं, तपासणीत टीबी. आता एकेटीच्या, म्हणजे टीबीच्या, गोळ्या चालूयत सहा महिने, अण्णा आडवे झोपतात, घोरतात पण.

काकानं परवा चौथ्या बोरसाठी परत त्याच पानाड्याला बोलावलंय.