तळ्याकाठचा फुकट मुक्काम: हिशेब लिटरमध्ये करा

न्यूझीलंडमध्ये गाडीत पक्कं बसवलेलं शौचकूप नसेल, तर कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, जागेवर त्या गाडीत रात्री झोपता येत नाही. त्या कौन्सिलने उपविधी करून एखादी जागा मुद्दाम मोकळी ठेवली असेल तेवढाच अपवाद. डिकीत ठेवलेला पोर्टेबल टॉयलेटचा डबा चालत नाही. जून २०२३ पासून हा कायदा आहे, तरी दर वर्षी दिवाळी ते होळी या काळात, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, येणाऱ्या मराठी कुटुंबांच्या बेतात एक ओळ असतेच: "तेकापोच्या तळ्याकाठी गाडी लावू, मागच्या सीटा आडव्या करू आणि झोपू." वाक्य गोड आहे. त्याची किंमत किमान ४०० न्यूझीलंड डॉलर आहे, आणि ज्या गावाच्या उशाशी आपण झोपणार त्या गावाचा राग वेगळा.

हा राग समजून घेण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती ऐकून आपल्याकडचा माणूस चकित होतो. इथे सरकारी जागेवर मुक्कामाला मुळात परवानगी आहे. बंदी अपवाद आहे. २०११ चा फ्रीडम कॅम्पिंग कायदा, जो त्या वर्षीच्या रग्बी विश्वचषकाच्या तोंडावर घाईने झाला, तो असंच गृहीत धरतो. रस्त्यापासून किंवा समुद्राच्या ओहोटीच्या रेषेपासून २०० मीटरच्या आत तंबू ठोकला किंवा गाडीत झोपलं की ते फ्रीडम कॅम्पिंग. कौन्सिलला एखादी जागा बंद करायची असेल तर तीनच कारणं चालतात: त्या जागेचं रक्षण, तिथे येणाऱ्यांचं आरोग्य आणि सुरक्षितता, आणि त्या जागेवर जाण्याची वाट मोकळी राहणं. "गावाला आवडत नाही" हे कारण नाही. "हॉटेलवाल्यांचा धंदा बुडतो" हेही नाही. अख्ख्या जिल्ह्यात सरसकट बंदी तर घालताच येत नाही. क्वीन्सटाउन परिसराच्या कौन्सिलने फार कडक उपविधी केला, तेव्हा मोटर कॅरव्हानवाल्यांची संघटना कोर्टात गेली आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो उपविधी रद्द केला. कायद्यात नसलेल्या गोष्टी विचारात घेतल्या, हा मुख्य दोष. गावकऱ्यांचा संताप खरा असूनही प्रवाशाचा हक्क कोर्टाने राखला, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. आपल्याकडे गावाने फलक लावला की विषय संपतो.

पण गावकऱ्यांची बाजू पैशाची आहे, आणि ती खोटी नाही. इथे कौन्सिल चालते घरपट्टीवर. प्रवासी जे काही विकत घेतो त्यावरचा १५ टक्के जीएसटी जातो मध्यवर्ती सरकारकडे. कौन्सिलला त्यातला हिस्सा ठरलेला नाही. भारतातून येणारा पाहुणा व्हिसाबरोबर १०० डॉलरचा पर्यटक अधिभार भरतो (ऑक्टोबर २०२४ पर्यंत तो ३५ डॉलर होता). तोही आधी मध्यवर्ती तिजोरीतच जातो. पाहुण्याला वाटतं, आपण भरपूर भरलंय. तळ्याकाठी राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला दिसतं की सार्वजनिक संडास धुणाऱ्याचा पगार, कचऱ्याची गाडी आणि झुडपांतले कागद उचलायला येणारा माणूस, सगळं तिच्या घरपट्टीतून होतंय. दोघंही खरं बोलतात. म्हणूनच हे भांडण मिटत नाही. तेकापो ज्या मॅकेन्झी जिल्ह्यात आहे, तिथे कायमची वस्ती साधारण पाच हजारांची. मुळशीच्या एखाद्या मोठ्या गावाएवढ्या लोकांनी जगभरातून आलेल्यांचे संडास सांभाळायचे.

दुसरं कारण पाणी. क्वीन्सटाउनजवळच्या लेक हेसच्या काठावरचा फुकट तळ २०१८ मध्ये कौन्सिलने बंद केला. लोक तळ्यातच अंघोळ करत, भांडी घासत, आणि झुडपांत जे व्हायचं ते होई. "साबण बायोडिग्रेडेबल आहे" ही सबब सर्रास ऐकू येते. तो साबण मातीतल्या जिवाणूंमुळे विघटित होतो, गार तळ्यात तो फेसच राहतो. पाणवठ्यापासून किमान ५० मीटर लांब जाऊन, मातीत जिरेल असं थोडं थोडं ओतायचं, तेही जिथे सांडपाणी जमिनीवर टाकायला मनाई नाही तिथेच. शिवाय माओरी लोकांच्या दृष्टीने माणसाचा मैला पाण्यात मिसळणं हा पाण्याचा अपमान आहे, आणि शरीराशी संबंधित व अन्नाशी संबंधित गोष्टी ते कटाक्षाने वेगळ्या ठेवतात. सोवळं-ओवळं पाहत वाढलेल्या माणसाला हे चटकन कळायला हवं. ज्या भांड्यात कपडे भिजवले त्यात पीठ मळायचं नाही, हे आपल्या आजीने सांगितलेलंच आहे.

आता लिटरांकडे येऊ, कारण आपली कुटुंबं अडकतात ती इथेच.

गाडी 'सेल्फ-कंटेन्ड', म्हणजे आपलं पाणी आणि मैला स्वतःतच साठवणारी आणि म्हणून अशा मुक्कामाला पात्र, ठरायला माणशी दिवसाला ४ लिटर स्वच्छ पाणी, असं ३ दिवसांचं, म्हणजे माणशी १२ लिटर साठवता यावं लागतं. तेवढंच सांडपाणी बंद टाकीत मावलं पाहिजे. शौचकुपाची टाकी माणशी दिवसाला १ लिटर, म्हणजे ३ दिवसांचे ३ लिटर. पलंग पसरलेला असतानाही शौचकूप वापरता आलं पाहिजे. गादीखाली गाडलेलं चालत नाही. बेसिनला वास अडवणारा ट्रॅप आणि कचऱ्याला झाकणाचा डबा, हेही हवंच. चौघांचं कुटुंब धरा: ४८ लिटर स्वच्छ पाणी, ४८ लिटर सांडपाण्याची जागा, शौचकुपाला १२ लिटर. भाड्याच्या व्हॅनमधली कॅसेट, म्हणजे बाहेरून ओढून काढता येणारी मैल्याची टाकी, साधारण १८ लिटरची असते. कागदावर छान बसतं.

हे आकडे कागद वापरणाऱ्यांसाठी आहेत. आपण पाणी वापरतो, आणि ते सोडायचं काही कारणही नाही. स्वच्छतेच्या बाबतीत आपली पद्धत मला अजूनही सरस वाटते. पण टमरेलातून एका वेळी अर्धा लिटर पाणी सहज जातं. चार माणसं, दिवसातून तीनदा: ६ लिटर. त्यात मूळचे ४ लिटर मिळवले की दिवसाला १० लिटर. १८ लिटरची कॅसेट दोन दिवसांच्या आत भरली. शिवाय दिवसाच्या १६ लिटर स्वच्छ पाण्यातले ६ लिटर इथेच संपले. राहिलेल्या १० लिटरमध्ये चहा, कुकर, भांडी आणि पिणं. मग दुसऱ्या रात्री कॅसेट भरल्याचा लाल दिवा लागतो आणि कोणीतरी "झाडाकडे जाऊन येतो" म्हणतो. गावकऱ्याला दिसतो तो तेवढा एक क्षण.

उपाय साधा आहे. टमरेल गाडीत ठेवूच नका. दाबून पाण्याची धार सोडणारी प्लास्टिकची बाटली घ्या. दीडशे मिलिलिटरमध्ये काम होतं. तोच हिशेब १.८ लिटरवर येतो. दिवसा सार्वजनिक संडास वापरा, गाडीतलं रात्रीपुरतं ठेवा. लहान मुलांचे ओले वाइप्स कॅसेटमध्ये टाकू नका. ते विरघळत नाहीत, पात्याच्या फटीत अडकतात आणि झडप नीट बंद होत नाही.

कॅसेट रिकामी करायची ती फक्त डम्प स्टेशनवर, म्हणजे गाड्यांतला मैला ओतायच्या ठरलेल्या जागी, कोणत्याही सार्वजनिक संडासात नाही. खड्ड्याच्या संडासात तर अजिबात नाही. हातमोजे घाला. झडप बंद आहे ना ते बघून कॅसेट बाहेर ओढा. भरलेली १८ किलोच्या वर जाते, ती सरळच धरा. तोटी फिरवून बाहेरच्या बाजूला घ्या, झाकण काढा, आणि ओतताना हवेचं बटण दाबून धरा. हे बटण विसरलं की आत पोकळी होते, टाकी गचके देते आणि पायांवर उडतं. पहिल्यांदा करणारे बहुतेक सगळे इथेच चुकतात. मग २-३ लिटर पाणी घालून हलवा, ओता, पुन्हा एकदा. शेवटी तळाशी दोनेक लिटर पाणी आणि बाटलीवर लिहिलं असेल तेवढं रसायन. फॉर्मल्डिहाइड असलेलं रसायन टाळा: सेप्टिक टाकीतले मैला पचवणारे जिवाणू त्याने मरतात, आणि छोट्या गावाचं सांडपाण्याचं तंत्र अशाच जिवाणूंवर चालतं. तिथल्या दोन नळांपैकी एक कॅसेट धुण्याचा असतो. पिण्याचं पाणी त्या नळाने भरू नका, पाटी वाचा. रबरी सील कोरडं पडलं तर गळतं. त्याला सिलिकॉनचा फवारा लागतो, व्हॅसलिन किंवा खोबरेल तेलाने रबर फुगतं. भरलेली कॅसेट घेऊन घाटरस्ता चढू नका.

सांडपाण्याच्या टाकीचं दुखणं वेगळं. आपलं जेवण तेलाचं आणि पिठूळ. फोडणीचं तेल, वरणाचा खरकटा थर, भाताची पेज हे सगळं टाकीत गेलं की दुसऱ्या दिवशी उन्हात तापून बेसिनमधून वर वास येतो, आणि मग माणसाला ती टाकी रस्त्याकडेच्या चरात सोडण्याचा मोह होतो. ताटं आधी कागदाने पुसा, तो कागद कचऱ्यात. चहाचा चोथा गाळून कचऱ्यात. तळणीचं तेल बाटलीत. एवढं केलं तर ४८ लिटर तीन दिवस पुरतात.

गाडी ताब्यात घेताना पुढच्या काचेवरचं, गाडी सेल्फ-कंटेन्ड असल्याचं हिरवं कार्ड वाचा. प्रमाणपत्र चार वर्षांचं असतं, त्यावरची तारीख बघा. त्याहून महत्त्वाचा माणसांचा आकडा. सीट बेल्ट पाच आणि कार्ड दोघांचं, अशा गाड्या भरपूर असतात. तिघं झोपलात की ती गाडी त्या रात्रीपुरती पात्र नाही. जुन्या नियमांखालचं निळं स्टिकर दाखवून "चालतं हो" असं कोणी सांगितलं, तर भाड्याची गाडी घेऊ नका.

पळवाटा सगळ्यांना माहीत आहेत. चालकाचा थकवा घालवायला रस्त्याकडेला गाडीत झोपणं कायद्याने कॅम्पिंग धरलं जात नाही, आणि ते योग्यच आहे, कारण इथले बहुतेक रस्ते दुपदरी आणि वळणांचे. पण पडदे लावलेले, बाहेर खुर्च्या मांडलेल्या, दोरीवर टॉवेल वाळत असलेला, अशा गाडीचा थकवा कोणी मानत नाही. दुसरा अपवाद घर न मिळाल्याने गाडीत राहणाऱ्या स्थानिकांसाठी २०२३ मध्ये मुद्दाम घातला. पर्यटक व्हिसावर आलेल्याला तो लागू नाही. शेजारच्या गाडीला दंड झाला नाही आणि आपल्याला झाला, यावर वंशभेदाची शंका घेण्याआधी हा अपवाद आठवा.

कौन्सिलचा माणूस बहुधा सकाळी लवकर येतो. आपल्या गावांत हागणदारीमुक्तीच्या काळात गुड मॉर्निंग पथकं फिरत, ती वेळ. तो फोटो काढतो, नोटीस देतो किंवा वायपरखाली अडकवतो. वाद घालू नका, पण नियमाची पाटी कुठे होती याचा फोटो तुम्हीही काढा. तक्रार लेखी करता येते आणि ती वाचली जाते. भाड्याच्या गाडीची नोटीस कंपनीकडे जाते, आणि कंपनी दंडाबरोबर स्वतःचं शुल्कही कार्डातून कापते. भारतात परतल्यावर बघू, हा विचार सोडून द्या. गंभीर गुन्ह्यांचा दंड २,४०० डॉलरपर्यंत जातो.

एक गोष्ट मात्र मला खटकते, आणि ती बोलायलाच हवी. झुडपांत सापडलेला प्रत्येक कागद कॅम्पिंगवाल्यांच्या नावावर मांडला जातो. दिवसभरासाठी येणारे, पोहणारे, मासे पकडणारे स्थानिकही त्याच काठावर असतात आणि त्यांच्या गाड्यांत कुठलीच टाकी नसते. संसदेचे पर्यावरण आयुक्त सायमन अप्टन यांनी २०२१ च्या अहवालात फ्रीडम कॅम्पिंगचे नियम कडक करा म्हटलं, त्यात तथ्य होतं. पण सहलीला आलेल्यासाठी संडास पुरेसे नसतील तर हिरव्या कार्डाने तळं स्वच्छ राहणार नाही. रात्री मुद्दाम हॉर्न दाबत गाडीशेजारून जाणारे गावकरीही असतात. त्यांना उत्तर देऊ नका. नियमात असाल तर झोपा, नसाल तर निघा.

फुकटच हवं असेल तर संवर्धन खात्याचे काही साधे तळ विनाशुल्क आहेत, आणि लेक डन्स्टनच्या काठी लोबर्नसारखे सरकारी तळ आहेत. कॅम्पिंगच्या ॲपवरची हिरवी खूण जुनी असू शकते, म्हणून त्या रात्रीची जागा कौन्सिलच्या नकाशावर तपासा: किती रात्री, किती वाजेपर्यंत, कार्डाची अट आहे का. तंबूचा नियम गाडीपेक्षा वेगळा असतो, तोही बघा. उपविधीत मनाई नसेल तर तंबूला हिरवं कार्ड लागत नाही. दर तिसऱ्या रात्री पैसे भरून हॉलिडे पार्कात उतरा. तिथे डम्प स्टेशन असतं, गरम पाणी असतं, आणि कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी कोणी वळून बघत नाही.