केलेवेले आणि काळी केळी

रविवारी आईचा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो. "काय केलंवेलंस आज?"

"केलेवेले."

"अगं हो, पण काय?"

हा विनोद मला इथे आल्यापासून करायचा होता. इथे म्हणजे घानात, अक्रा शहरात. केलेवेले हा पदार्थाचाच शब्द, आणि तो गा भाषेतला. गा लोक म्हणजे अक्राचे मूळ रहिवासी. पिकल्या प्लान्टेनच्या, म्हणजे शिजवून-तळून खायच्या मोठ्या केळ्यांच्या, फोडींना आलं-मिरचीचं वाटण चोळायचं आणि त्या तळायच्या, एवढंच. पण अंधार पडल्यावर आमच्या गल्लीच्या तोंडाशी आंटीची कोळशाची शेगडी पेटते आणि आलं-लवंगेचा वास सुटतो, तेव्हा ऑफिसातून दमून येणारा माणूस घराच्या आधी तिथे वळतो. वर्तमानपत्राच्या कागदावर गरम फोडी, वर मूठभर भाजलेले शेंगदाणे. शेंगदाण्याशिवाय आंटी देत नाही. दिले तरी मी घेणार नाही.

हे घरी करून बघायचं म्हणून मी तीन वेळा प्लान्टेन आणली. त्यातली दोनदा फुकट गेली. चूक वाटणाची नव्हती, माझ्या मराठी डोळ्यांची होती. पहिल्यांदा हिरवीगार, टणक आणली. त्याचे झाले कच्च्या केळ्याचे काप, बरे लागले, पण ते केलेवेले नव्हे. दुसऱ्यांदा छान पिवळी, डाग नसलेली, निवडून निवडून आणली. पिठूळ लागली. गोडवा कुठेच नाही.

तिसऱ्यांदा मकोला बाजारातल्या बाईला सरळ विचारलं. तिने कोपऱ्यातल्या ढिगाकडे बोट दाखवलं. मी तो ढीग आधी पाहिला होता आणि टाकून द्यायचा माल समजून पुढे गेले होते. अर्धी काळी सालं, दाबलं की बोट किंचित रुतेल इतकी मऊ. आमच्याकडे असं केळं शिकरणात जातं, नाहीतर गाईपुढे. इथे त्याचाच भाव. पिकताना पिष्टाची साखर होते, आणि तळणीत तीच साखर कडेने खरपूस होते. सगळी चव त्या काळेपणात आहे. त्याहून पिकली, पार लगदा झाला, तरी टाकायची नाहीत. कांदा-मिरची आणि पीठ घालून त्याची ताताले करतात, आपल्या घारग्यांची तिखट चुलत बहीण म्हणा.

आता करायचं कसं. तीन मोठी प्लान्टेन. दोन्ही टोकं कापून साल उभी चिरून काढायची, आपल्या केळ्यासारखी सोलायला गेलं तर नखं दुखतात. फोडी साधारण इंचभराच्या, थोड्या तिरक्या. वाटणाला दोन इंच आलं, अर्धा कांदा, चार लवंगा, चवीला मिरची. काहीजण त्यात ह्वेंतियाही घालतात, म्हणजे काळ्या वाळक्या बारीक शेंगा, मिरीसारख्या झोंबणाऱ्या, जराशा धुरकट वासाच्या. मिरच्या मी इथल्या घेतल्या, क्पाक्पो शिटो, हिरव्या, गोल, लहानशा लिंबाएवढ्याही नाहीत. सुगंध असा की वाटतं, ही काय तिखट असणार! कोल्हापूरच्या सुनेने घाबरायचं का? हातमोजे न घालता चिरल्या, नंतर विसरून डोळा चोळला. नवऱ्याने रात्री त्यावर जे काही म्हणायचं ते म्हणून घेतलं.

वाटण इथे आसांकात करतात. ते मातीचं खरबरीत भांडं असतं, आतून रेघारेघांचं, आणि लाकडी बत्त्याने त्यात रगडतात. मिक्सर चालतो, पण पाणी घालू नका, तेल उडतं. मीठ अगदी शेवटी, कढईत सोडण्याआधी. आधी लावून ठेवलंत तर पाणी सुटून फोडी ढेपाळतात. वाटण लावून वीसेक मिनिटं राहू द्या. तेल मध्यम आचेवर हवं. साखर असल्याने बाहेरून पटकन करपतं आणि आतून राहतं, म्हणून थोड्याथोड्या फोडी टाकायच्या आणि तांबूस-तपकिरी झाल्या की काढायच्या. जरा उशीर झाला तर लवंग कडवट लागते.

तुमच्याकडे प्लान्टेन नसेल तर राजेळी घ्या. वसईची राजेळी याच गणगोतातली, सुकेळी करतात ती. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग सरळ सांग ना राजेळी, उगाच आफ्रिका-आफ्रिका काय करतेस!"

तिसऱ्या वेळच्या फोडी जमल्या आणि मी डबा घेऊन आंटीकडे गेले. डबा डाव्या हाताने पुढे केला. ती नुसती माझ्या हाताकडे बघत राहिली. डाव्या हाताने देणं इथेही वाईट, हे मला माहीत होतं, आणि लहानपणी आजीने त्यावरून धपाटाही घातला होता. उजव्या हातात घेतला, तेव्हा तिने एक फोड उचलली, फुंकली, चावली. बराच वेळ गप्प.

"प्लीज," ती शेवटी म्हणाली, इथे प्रत्येक वाक्याआधी प्लीज असतं, "पेपर इज स्मॉल." पेपर म्हणजे मिरची. तिखट कमी.

मग तिने माझ्याच डब्यात स्वतःच्या चार फोडी टाकल्या आणि वर शेंगदाणे.