तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी मरणं बघूनही 'तो उठला' असं कसं मानता?

वॉर्डात होते तेव्हा बरोबरच्या सिस्टर विचारायच्या, आता रिटायर झाल्यावर आमच्या गल्लीतल्या बायका विचारतात, परवा भाचीच्या नवऱ्यानं पण जेवता जेवता विचारलं. मावशी, तुमची सगळी नोकरी दवाखान्यात गेली, एवढी माणसं डोळ्यासमोर गेली, त्यातलं एक तरी उठून बसलं का? मग येशू तिसऱ्या दिवशी उठला हे खरंच मानता, का सणापुरतं म्हणायचं? आणि मानलं तरी त्याचा रोजच्या जगण्याशी संबंध काय?

मानते. रोज मानते. आणि नर्स असल्यामुळं ते मानणं मला अवघड गेलं नाही, उलट काही गोष्टी त्यामुळंच नीट कळल्या. सविस्तर सांगते.

मेलेलं माणूस उठत नाही हे कळायला नर्सिंगचा कोर्स लागत नाही. यरुशलेमातल्या त्या माणसांनाही ते पक्कं ठाऊक होतं. आपल्याला उगाच वाटतं की जुन्या काळची माणसं भोळी, काहीही खपून गेलं असेल. पण बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे त्यानं लिहिलेली येशूची हकीकत, काढून बघा. मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे, या तिघी रविवारी पहाटे कबरेकडे निघाल्या त्या क्रुसावर मेलेल्या येशूच्या प्रेताला सुगंधी द्रव्यं लावायला. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, लागणार म्हणून सगळं घाईत उरकलेलं, शेवटचं करायचं राहून गेलेलं, ते करायला. आणि वाटेत त्यांची काळजी कसली तर कबरेच्या तोंडावरची एवढी मोठी धोंड आपल्याला सरकवून कोण देणार. चमत्कार बघायला निघालेली माणसं असली काळजी करत नाहीत.

त्या तिघी मला फार ओळखीच्या वाटतात, कारण ते काम मी केलंय. आमच्यात त्याला बॉडी पॅक करणं म्हणतात. सलाईनची सुई काढायची, नाकातली नळी, लघवीची नळी काढायची, अंग पुसून घ्यायचं, डोळे मिटायचे, तोंड उघडं राहू नये म्हणून हनुवटीखालनं बँडेज घेऊन डोक्यावर बांधायचं, पायाचे अंगठे एकत्र बांधायचे, नावाची चिठ्ठी लावायची, मग चादर. हे सगळं शरीर गार पडून आखडायच्या आत करायला लागतं, नाहीतर हात सरळ होत नाहीत. ज्यांनी हे केलंय त्यांना मरण म्हणजे काय ते सांगायला नको.

म्हणून की काय, पण योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात माझी नजर कायम कापडावर जाते. येशूचा शिष्य पेत्र कबरेत शिरला तेव्हा तागाची वस्त्रं तिथंच पडलेली, आणि डोक्याला बांधलेला रुमाल वेगळा, गुंडाळून एका बाजूला ठेवलेला. रात्रीत घाईघाईनं प्रेत पळवणारा माणूस ते रुमाल गुंडाळत बसत नाही. त्याच्या आधी लाजराची गोष्ट येते बघा, येशूनं मेलेल्यातनं उठवलेला त्याचा मित्र, चार दिवसांनी कबरेतनं बाहेर आला तो, पण हातपाय बांधलेलेच होते, तोंडाला रुमाल तसाच, आणि येशूला सांगायला लागलं की याला मोकळं करा. लाजराला परत हेच आयुष्य मिळालं, पुढं कधीतरी तो परत मरणारच होता, ती कापडं त्याला परत लागणार होती. येशूनं ती मागं सोडली. माझ्यासाठी अख्खा इस्टर, म्हणजे येशू उठल्याचा सण, त्या गुंडाळलेल्या रुमालात आहे.

कोर्टात चालेल असा पुरावा मी तुम्हाला देत नाही, माझ्याकडं तो नाही. पण दोन-तीन गोष्टींवर विचार नक्की करा. त्या काळी बायकांच्या साक्षीला फारसा मान नव्हता, लूक तर लिहितो की प्रेषितांनासुद्धा, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनासुद्धा, त्यांचं बोलणं निव्वळ बडबड वाटलं, तरी चारही शुभवर्तमानांत कबर रिकामी आहे हे पहिल्यांदा कळतं ते बायकांनाच. रचून सांगायचं असतं तर असं कुणी रचलं नसतं. मार्कच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत तर गोष्ट तिथंच थांबते, बायका थरथरत पळाल्या आणि भीतीपोटी कुणाला काही बोलल्या नाहीत. मला तो शेवट फार खरा वाटतो, मी असते तर मी पण पळाले असते. आणि पौल या प्रेषितानं करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, पत्र लिहिलं ते या घटनेनंतर साधारण वीस-पंचवीस वर्षांतच, त्यात तो म्हणतो की ५०० हून जास्त जणांना एकाच वेळी प्रभू दिसला आणि त्यातले बरेचसे अजून जिवंत आहेत, म्हणजे जा आणि विचारा. त्याच पत्रात तो हेही स्पष्ट सांगतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट आहे आणि आपल्याइतकी कीव करण्यासारखी माणसं दुसरी कुठली नाहीत. पळवाटच ठेवली नाही त्यानं.

आता शेजारच्या काकू म्हणतात, अगं म्हणजे आत्मा अमर, तेच आमच्यात पण आहे की. काकूंशी माझं चांगलं जमतं, देवाधर्माचं बोलायला त्यांच्यासारखं माणूस नाही, पण इथं मात्र मी त्यांना थांबवते. आम्ही शरीराबद्दल बोलतोय. जुनं टाकून दुसऱ्या जन्मात जाणं नाही आणि शरीर सुटलं की आत्मा मोकळा असंही नाही. येशू उठला तो शरीरासकट उठला, शिष्यांसमोर भाजलेला मासा खाऊन दाखवला, तलावाच्या काठी निखारे पेटवून त्यांच्यासाठी सकाळची न्याहारी केली. आणि हातांवरचे खिळ्यांचे व्रण तसेच होते. थोमा नावाचा शिष्य म्हणाला मी बोट घालून बघितल्याशिवाय मानणार नाही, तर त्याला व्रणच दाखवले. मला यात फार मोठा दिलासा वाटतो. आपल्यावर जे गुदरलं ते पुसून टाकून नवं काहीतरी देणारा हा देव नाही, जखमेसकट उठवणारा आहे.

आणि न्याहारी कुणासाठी केली बघा, पेत्रासाठी, ज्यानं येशूला पकडलं त्या रात्री शेकोटीपाशी बसून तीनदा सांगितलं होतं की मी त्याला ओळखत नाही. त्याला आधी जेवू घातलं आणि मग विचारलं, माझ्यावर प्रेम करतोस का. पुनरुत्थानानंतरची ही एवढी एक गोष्ट जरी कुणी घरात आचरणात आणली ना, भावाभावांत, सासूसुनेत, तर कितीतरी घरं परत उभी राहतील. मी अशी दोन घरं बघितलीत आमच्याच मंडळीत.

रोजच्या जगण्याशी संबंध काय, याचं उत्तर मला एका नाईटला मिळालं. गगनबावड्याकडची एक आजी होती, सोबत कुणी नाही, कुणीतरी आणून सोडलेली. पहाटे गेली. मी आणि वॉर्डातल्या मावशी तिचं करायला घेतलं. केस फार लांब, आठवडाभर न विंचरलेले, जटा झालेल्या. मी तेल मागवलं आणि गुंता सोडवायला बसले. मावशी म्हणाल्या, "सिस्टर, कोण बघायला येणार हाय हिला? येवढं कशाला करताय? गाडी आली की न्हेत्याली." रागानं नाही बोलल्या, त्या पण रात्रभर राबलेल्या. मी म्हटलं, मावशी, हे शरीर देवाच्या लेखी अजून संपलेलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग दुसऱ्या बाजूला बसल्या आणि त्यांनीच वेणी घातली, घट्ट, शाळकरी पोरीला घालतात तशी.

पौलाच्या त्याच पत्राचा पंधरावा अध्याय पुनरुत्थानावरच, म्हणजे मेलेल्यातनं उठण्यावरच आहे, ५८ वचनांचा. मरणा, तुझी नांगी कुठं आहे, असं सगळं गाजत गाजत वर जातं आणि आपल्याला वाटतं आता शेवटी स्वर्गाचं वर्णन येणार. तर शेवटचं वचन काय येतं, की म्हणून तुम्ही स्थिर राहा, प्रभूच्या कामात असा, तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. कामावर आणून सोडलंय त्यानं. कुणी न बघितलेली वेणी व्यर्थ नाही, हे मी तिथनं घेतलं. आमच्या भागात मिशनची माणसं का आली, कोल्हापुरात रॉयल वायल्डर १८५२ साली येऊन शाळा का काढतात, मिरजेत विल्यम वॉनलेस १८९४ साली दवाखाना का उभा करतात, त्यामागं बाकी काय कारणं असतील ती असोत, पण माझ्या समजुतीनं एक कारण हे आहे की शरीर मातीमोल नाही असं ती माणसं मानत होती. ज्या रोग्याला घरचेसुद्धा हात लावायला भीत होते त्याला हात लावणारं माणूस काय मानत असेल याचा विचार करा.

अजून एक बोलायचंय आणि हे आमच्याच लोकांना आहे. मयताच्या घरी जाऊन लगेच "रडू नका, प्रभूत झोपी गेलेत" असं सांगायची जी सवय लागलीय ती मला पटत नाही. लाजराला उठवायला निघालेला येशू त्याच्या कबरेपाशी स्वतः रडला. पुढं काय करणार हे माहीत असून रडला. रडू द्या माणसाला. इस्टरच्या पहाटे आम्ही दफनभूमीत मेणबत्त्या आणि फुलं घेऊन जातो, अंधारातच, आदल्या दिवशी जाऊन थडग्यावरचं गवत काढलेलं असतं, चुना मारलेला असतो. आईच्या थडग्याशी उभी राहून मी दर वर्षी रडते आणि तिथंच उभी राहून "ख्रिस्त उठला आहे" असं कुणी म्हटलं की "खरोखर उठला आहे" असं मोठ्यानं म्हणते. दोन्ही खरं असतं. मग उजाडलं की चर्चला, आणि घरी आल्यावर तांबडा-पांढरा, कारण लेंटचे, म्हणजे इस्टरआधीच्या उपवासकाळाचे, चाळीस दिवस आमच्या घरात मटण शिजत नाही.

तारीख दर वर्षी का बदलते हेही विचारता. २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते तिच्या नंतरचा रविवार, चर्चच्या हिशेबानं. ३२५ साली निकियाच्या परिषदेत सगळ्या मंडळ्यांनी एकाच रविवारी पाळायचं ठरलं. आपल्या कोल्हापूरकरांना हे लगेच कळेल, कारण पुष्कळदा ती पौर्णिमा म्हणजे आपल्या जोतिबाच्या चैत्र यात्रेचीच असते. २०२३ ला तसंच झालं, यात्रा, गुड फ्रायडे आणि ९ एप्रिलचा इस्टर एकाच आठवड्यात, जोतिबाच्या वाडी रत्नागिरीची गर्दी आणि चर्चची गर्दी एकाच वेळी रस्त्यावर. २०२४ ला मात्र होळीची पौर्णिमा धरली गेली, त्यामुळं रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशीच, ३१ मार्चला इस्टर आला आणि यात्रा राहिली तीन आठवडे पुढं.

आणि शुभेच्छा कधी द्यायच्या? गुड फ्रायडेला 'हॅपी' म्हणू नका, तो येशूच्या मरणाचा दिवस, त्या दिवशी आम्ही दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये येशूचे क्रुसावरचे सात उद्गार ऐकत बसलेलो असतो. रविवारी म्हणा. रविवारी राहून गेलं तर सोमवारी म्हणा, पंधरा दिवसांनी आठवलं तर तेव्हा म्हणा, पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, पन्नास दिवस इस्टरचेच असतात.