घरातला पाऊस

थंडी कुठलीही सोसवते, पण ओल्या थंडीचं तसं नाही. जिथे हिवाळा थंड, ओला आणि वर वादळीही असतो, तिथल्या छोट्या गावात दिवसभर एकच उद्योग चालतो, तो म्हणजे वाळवण्याचा. कपडे वाळवा, बूट वाळवा, सरपण वाळवा, दारातलं पायपुसणं वाळवा. संध्याकाळी ते सगळं पुन्हा ओलं होणार, हे धरूनच चालायचं. आयर्लंड, ब्रिटनचा पश्चिम भाग, टास्मानिया, चिलीचा दक्षिण किनारा, जिथे जिथे समुद्रावरून येणारे पश्चिमेचे वारे सरळ डोंगरांवर आदळतात, तिथे हा हिवाळा मुक्कामालाच असतो. पारा ५ ते १० अंशांमध्ये रेंगाळतो. शून्याखाली उतरला असता तर बर्फ तरी पडला असता, आणि बर्फ निदान झटकता येतो. ५ अंशांचं पाणी मुरतं.

बाहेरच्या पावसाला सगळेच शिव्या घालतात. घरातल्या पावसाकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. चार माणसांच्या घरात श्वासातून, स्वयंपाकातून, आंघोळीतून आणि दोरीवरच्या कपड्यांतून रोज साधारण दहा लिटर पाणी हवेत जातं. उन्हाळ्यात ते उघड्या खिडक्यांतून निघून जातं, हिवाळ्यात घरातच कोंडतं. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते, १० अंशांच्या हवेत जेमतेम साडेनऊ. खोलीतली उबदार हवा थंड तावदानाला टेकली की जास्तीचं पाणी तिथेच सोडते. तावदानावर ते दिसतं तरी. कपाटामागच्या भिंतीवर, पलंगाच्या उशाकडच्या कोपऱ्यात, जोड्यांच्या फळीखाली तेच पाणी गुपचूप बसतं आणि काही आठवड्यांनी काळ्या ठिपक्यांची बुरशी वर येते. म्हणून बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवूच नये, आणि ठेवावंच लागलं तर मागे पाच-दहा सेंटिमीटर जागा सोडावी. हवा खेळली की निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं काम खिडकीचं, आणि ते कुणाला पटत नाही. बाहेर झड लागलेली असताना खिडकी उघडा म्हटलं की समोरचा वेड्यात काढतो. पण हिशेब साधा आहे. बाहेरची ५ अंशांची हवा अगदी चिंब असली तरी तिच्यात घनमीटरला सुमारे पावणेसात ग्रॅमच वाफ असते. तीच हवा घरात येऊन २० अंशांवर तापली की तिची आर्द्रता ३५ ते ४० टक्क्यांवर येते, म्हणजे ती कोरडी ठणठणीत. समोरासमोरच्या दोन खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या आणि घट्ट लावून घ्यायच्या. दिवसातून दोन-तीनदा एवढं पुरतं. तेवढ्या वेळात भिंती आणि सामान गार होत नाही, त्यामुळे ऊब लवकर परत येते. उलट एकच खिडकी दिवसभर बोटभर उघडी ठेवली, तर तिच्याभोवतीची भिंत गारठते आणि बुरशी नेमकी तिथेच धरते. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र भिंतीवर टांगलं की वाद मिटतो. ४० ते ६० टक्के ठीक, ७० च्या वर काटा मुक्काम करायला लागला की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय.

धुराडं नसलेल्या गॅसच्या शेगडीवर खोली तापवणं हा तर निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन त्याच खोलीत राहतं. ऊब मिळते, सोबत ओलही मिळते, आणि खोली बंद असेल तर विषारी कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच.

कपड्यांचं शास्त्र मात्र जरा निगुतीनं समजून घ्यायला हवं. दोरीवर घालण्याआधी यंत्रात पिळण्याची फेरी दोनदा द्यावी. जे पाणी पिळून निघतं ते हवेत जायचं टळतं. मग घरभर खुर्च्यांवर आणि दारांवर कपडे पसरण्याऐवजी एक लहान खोली ठरवावी. तिचं दार बंद, खिडकी किलकिली, आणि कपड्यांवर आडवा वारा मारणारा पंखा. वाळण्याला उष्णतेपेक्षा वारा जास्त लागतो. कपड्यांत चार बोटांचं अंतर हवं, सदरे हँगरवर, पँटी उलट्या करून, खिसे बाहेर काढून. कापड वाळलं तरी शिवण ओली असते. कमरेची पट्टी, काखेची शिवण, खिशाचा तळ, हुडाची दुमड, सगळी गोम तिथे. हाताची बोटं गार पडलेली असतील तर त्यांना ओलं-कोरडं कळत नाही, म्हणून ती शिवण ओठाला लावून बघावी. गार लागली तर अजून ओली आहे. असा एक दमट सदरा कपाटात गेला की चार दिवसांत शेजारचे कपडेही कुबट होतात. आणि दिवसभराहून जास्त ओला राहिलेला कपडा वास मारायला लागला, तर अत्तर शिंपडून भागत नाही, पुन्हा धुवावाच लागतो. ओल शोषणारं यंत्र घ्यायचं असेल तर खोली किती गार असते ते आधी बघावं. कॉम्प्रेसरवाल्या यंत्राच्या नळ्यांवर थंड खोलीत बर्फ साठतो आणि ते मंदावतं. न तापवलेल्या खोलीत, ओल शोषून घेणारा पदार्थ वापरणारं (डेसिकंट) यंत्र बरं.

बुटांना घाई चालत नाही. आतला तळवा काढून वेगळा ठेवायचा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि तासा-दोन तासांनी बदलायचे. शेकोटीपाशी ठेवलेलं चामडं आक्रसतं, तडकतं, आणि तळव्याचा गोंद सुटतो. दोन जोड आलटून पालटून वापरणं हा खरा उपाय.

सरपणाबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज असतो की ते झाकून ठेवलं की वाळतं. ताज्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. जळायला ते २० टक्क्यांच्या आत यायला हवं, आणि त्याला फोडून, रचून, एक-दोन वर्षं लागतात. रास जमिनीपासून वर, फळ्यांवर रचावी. झाकण फक्त माथ्यावर. ताडपत्री चारही बाजूंनी गुंडाळली की आत वाफ कोंडते आणि लाकूड वाळायच्या ऐवजी सडतं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघाव्यात: टणक, खणखणीत आवाज आला तर वाळलेली, बद्द वाजली तर ओली. यंत्रानं ओल मोजायची तर ढलपी तिथल्या तिथे फोडून आतल्या ताज्या बाजूवर मोजावी. बाहेरची साल खुशाल खोटं बोलते. ओलं लाकूड जळताना आपली उष्णता पाणी उकळण्यातच घालवतं, आणि धुराड्याच्या आत चिकट काजळीचा थर चढतो. एखाद्या रात्री तो थर पेटला की धुराडंच पेटतं.

पन्हळ साफ करायचा मुहूर्त एकच: शेवटचं पान गळल्यावर, पहिल्या मोठ्या वादळाच्या आधी. छपराच्या एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या छपरावर ३० मिलिमीटर पडला तर ३,००० लिटर, आणि ते सगळं मनगटाएवढ्या एक-दोन नळांतून खाली यायचं. नळाच्या तोंडाशी मूठभर शेवाळ अडकलं तरी पाणी पन्हळीवरून भिंतीवर ओघळतं, आणि मग आतला कोपरा ओला का, म्हणून रंगाऱ्याला बोलावणं जातं. पन्हळीची खरी परीक्षा भर पावसात छत्री घेऊन बाहेर उभं राहूनच होते. कुठून गळतंय ते कोरड्या दिवशी कळत नाही.

आता वादळ. ब्रिटन आणि आयर्लंडच्या हवामान खात्यांनी २०१५ पासून वादळांना नावं द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘डेझमंड’ वादळानं इंग्लंडमधल्या होनिस्टर खिंडीत २४ तासांत ३४१ मिलिमीटर पाऊस पाडला. वर दिलेला छपराचा हिशेब त्याला लावून पाहावा. घरच्या वायुदाबमापकात तीन तासांत दाब ६ हेक्टोपास्कलपेक्षा जास्त उतरला, की अंगणातल्या कुंड्या, खुर्च्या, कचऱ्याचे डबे आत घ्यावेत. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. म्हणून भरीव फळ्यांचं कुंपण आडवं होतं आणि शेजारचं झुडपांचं कुंपण डोलत उभं राहतं. वारा थोडा आरपार जाऊ देणारंच कुंपण टिकतं. छत्रीला ही सोय नाही, त्यामुळे असल्या गावात जुनी मंडळी छत्री न घेता टोपीवाला रेनकोट घालतात. पाऊस थांबून आभाळ उजळलं की बरेच जण हुश्श म्हणून गाडी काढतात, पण कित्येकदा सगळ्यात वाईट झोत त्यानंतरच येतात. आठवडाभराच्या पावसानं माती लोण्यासारखी मऊ झालेली असते, झाडांची मुळं तिच्यात नुसती टेकलेली असतात. तेव्हा एवढ्यातेवढ्या झोतानंही झाड जातं, आणि जाताना विजेची तार घेऊन जातं.

वीज गेली की फ्रीज उघडून बघायचा मोह आवरावा. दार बंद राहिलं तर फ्रीज चार तास तग धरतो. भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये लावू नये, दार उघडं असलं तरी नाही.

नदीकाठच्या गावात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: नदी पावसाच्या मागून येते. वरच्या डोंगरातलं पाणी खाली पोचायला काही तास, मोठ्या नदीत एक-दोन दिवस लागतात. म्हणून ऊन पडलेल्या दुपारी पूल बंद केला की लोक चिडतात, पण बंद करणाऱ्यांचं बरोबर असतं. गुडघ्याच्या खूप खाली, १५ सेंटिमीटर वाहतं पाणीही धडधाकट माणसाला पाडतं. ३० सेंटिमीटरमध्ये लहान गाडी तरंगायला लागते. वाळूची पोती अर्धी किंवा फार तर दोन तृतीयांश भरावीत, गच्च भरलेलं पोतं दगडासारखं बसतं आणि फटी सोडतं. तोंड दुमडून खाली घ्यायचं, विटांसारखे सांधे चुकवत रचायचं, प्रत्येक थर पायानं तुडवायचा. दाराशी एवढी तटबंदी उभारली तरी पाणी मोरीतून आणि संडासातून वर येतंच, म्हणून तिथेही बोळा हवा.

पाणी उतरल्यावर सगळ्यांना घाई होते ती रंगाची. भिंत वाळायला इंचाला महिना असा ढोबळ हिशेब आहे. वरून रंग चढवला की ओल आत अडकते आणि सहा महिन्यांत पोपडे निघतात. नऊ इंची भिंत या हिशेबानं वाळेवाळेपर्यंत पुढचा हिवाळा दारात येतो.