आमची वाटचाल: आधी कारण, मग टायमिंग

आमचं वर्कशॉप भोसरी एमआयडीसीत आहे आणि काम एकच, पेट्रोल गाड्यांचं परफॉर्मन्स ट्यूनिंग. एवढ्या काळात गाड्या बदलल्या, ईसीयू (इंजिन चालवणारे संगणक) बदलले, पंपावरचं पेट्रोलसुद्धा बदललं. ट्यूनिंगची हद्द मात्र पहिल्यापासून एकाच गोष्टीने आखून दिली, ती म्हणजे नॉकिंग. म्हणून वाटचाल सांगायची तर नॉकिंग ओळखण्याची आणि कमी करण्याची आमची पद्धत कशी घडत गेली, तेच सांगावं लागेल.

ठिणगी पडली की ज्योत प्लगपासून सिलिंडरच्या कडेकडे पसरत जाते. तिच्यापुढे दबत आणि तापत जाणारं मिश्रण ज्योत पोचायच्या आधीच आपोआप भडकलं, तर दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटू लागतात. हेच नॉकिंग. बाहेर ऐकू येते ती त्याची टणटण. खरा घात आत होतो. पिस्टनच्या माथ्यालगत तुलनेने थंड वायूचा पातळ थर असतो. या लाटा तो उधळून लावतात आणि उष्णता सरळ ॲल्युमिनियममध्ये शिरते. मग पिस्टनवरच्या रिंगांमधल्या कडा तुटतात, हेड गॅस्केट जातं, बेअरिंगांवर मार बसतो.

सुरुवात एस्टीम, होंडा सिटी अशा डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या यांत्रिक भागाच्या) गाड्यांपासून झाली. साधं पेट्रोल तेव्हा ८८ ऑक्टेनचं (हा आकडा जितका मोठा तितका नॉक कमी), नंतर ९१ चं आलं. हाताशी टायमिंग लाइट आणि कान. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करायचा, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, एक-दोन अंश पुढे (लवकर) घ्यायचं, कात्रजच्या चढावर वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमला थ्रॉटल पूर्ण दाबायचा आणि टणटण आली की मागे यायचं. कमी आरपीएमपुरतं हे ठीक होतं. ५,००० च्या पुढे सायलेन्सर, वारा आणि टॅपेटच्या आवाजात नॉक बुडून जातो, आणि इंजिन जास्त नासतं ते तिथेच. त्यावर आम्ही तांब्याच्या नळीचा उपाय धरला आणि तो अजून सोडलेला नाही. ८ मिमीच्या नळीचं एक टोक ठोकून चपटं करायचं, त्याला भोक पाडून ब्लॉकवरच्या मोकळ्या बोल्टखाली घट्ट बसवायचं, दुसऱ्या टोकाला रबरी होज जोडून ती फॅक्टरीतल्या आवाजरोधक इअरमफमध्ये आणायची. बॅटरी नाही, सॉफ्टवेअर नाही, आणि खरा नॉक वेगळा काढून ऐकू येतो. काचेवर खडे फेकल्यासारखा तुटक, कोरडा आवाज एकदा कानात बसला की तो टॅपेटच्या सलग टिकटिकीत मिसळत नाही.

२०१३ मध्ये फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आली आणि कामाचं स्वरूपच बदललं. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा), डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये), सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), आणि ब्लॉकवर नॉक सेन्सर. अशा गाडीत नॉक बहुधा ऐकूच येत नाही. सेन्सरने इशारा दिला की ईसीयू त्या सिलिंडरचं टायमिंग दोन-तीन अंश मागे ओढतो आणि मग हळूहळू पूर्वपदावर आणतो. मालकाला जाणवतं ते एवढंच की दुपारी गाडी मंद वाटते आणि सकाळी पळते. त्यामुळे आता कानाच्या आधी लॉग, म्हणजे गाडी पळताना ईसीयूतल्या आकड्यांची नोंद.

लॉगमध्ये आरपीएम, लोड, बूस्टचा (टर्बोने दाबलेल्या हवेचा) मागितलेला आणि प्रत्यक्ष दाब, टायमिंग, प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती मागे आलं तो आकडा, लॅम्डा (हवा आणि इंधनाचं प्रमाण; १ म्हणजे नेमकं, १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त), इनटेक हवेचं तापमान आणि फ्युएल रेलचा (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीचा) दाब एवढं लागतं. ओबीडीतून (गाडीच्या तपासणी सॉकेटमधून) जितक्या जास्त वाहिन्या मागाल तितका नोंदीचा वेग घटतो आणि दोन नोंदींच्या मधला नॉक निसटतो. म्हणून पहिला रन नॉक, टायमिंग आणि तापमानाचा, दुसरा इंधन आणि दाबांचा असं विभागून घ्यावं. कूलंट ९० अंश आणि ऑइल निदान ८० अंश झाल्याशिवाय रन घेऊ नये. चौथा गिअर, २,००० पासून लाल रेषेच्या थोडं अलीकडेपर्यंत थ्रॉटल पूर्ण दाबलेला, असे एकापाठोपाठ तीन रन. पहिला चांगला आणि तिसरा वाईट आला, तर शंका उष्णतेवर घ्यायची.

वाचताना आकडा किती मोठा यापेक्षा तो कुठे आणि कसा येतो हे जास्त सांगून जातं. एखाद्या सिलिंडरला अधूनमधून एक-दोन अंश मागे घेतलेले दिसले तर आम्ही हात लावत नाही. कंपनीच्या मूळ मॅपवरही (टायमिंग, इंधन आणि बूस्ट किती ते ईसीयूला सांगणाऱ्या तक्त्यावरही) ते दिसतं. एकाच सिलिंडरला त्याच आरपीएमवर दर वेळी तीन अंशांहून जास्त येत असेल, तर दोष त्या सिलिंडरचा आहे: अर्धवट चोंदलेला इंजेक्टर, चुकीच्या गॅपचा किंवा तडकलेला प्लग, साचलेला कार्बन. सगळेच सिलिंडर एकत्र मागे येत असतील, तर पेट्रोल, तापलेली हवा किंवा मॅप यांपैकी एक. गिअर बदलतानाच येत असेल, तर बहुतेक वेळा तो नॉक नसतोच.

या खोट्या नॉकवर थोडं थांबायला हवं, कारण त्यापायी चांगल्या गाड्यांचं टायमिंग उगाच मागे घेतलं जातं. नॉक सेन्सर म्हणजे ब्लॉकची थरथर ऐकणारा पिएझो स्फटिक. सैल हीट शील्ड, सबफ्रेमला टेकणारा डाउनपाइप, कडक इंजिन माउंट, थंड असताना वाजणारे फोर्ज्ड पिस्टन, हे सगळं त्याला ऐकू येतं. तपासणी सोपी आहे. त्या भागातलं टायमिंग चार अंश मागे घ्या आणि तोच रन पुन्हा करा. नॉक असेल तर आकडा पडतो. तेवढाच राहिला तर आवाज यांत्रिक आहे, गाडी लिफ्टवर घ्या. सेन्सरचा बोल्टही टॉर्क रेंचनेच आवळायचा. बॉशच्या मधोमध भोक असलेल्या चपट्या सेन्सरला २० न्यूटन-मीटर. सैल राहिला तर तो बहिरा होतो, जास्त आवळला तर त्याचं मोजमाप बिघडतं. खाली वॉशर, ग्रीस, रंग काही नको.

स्वतंत्र ईसीयू बसवलेल्या गाडीत सेन्सर कोणत्या कंपनसंख्येवर लावायचा हे आपल्यालाच ठरवावं लागतं. ९०० ला पाय गुणिले बोअरच्या (सिलिंडरच्या भोकाच्या) त्रिज्येने, म्हणजे मिलिमीटरमधल्या आकड्याने भागलं की किलोहर्ट्झमध्ये उत्तर येतं. ७१ मिमी बोअरच्या १.२ टीएसआयला सुमारे ८.१, ७४.५ मिमीच्या १.० टीएसआयला ७.७, ८२.५ मिमीच्या २.० टीएसआयला ६.९. तिथून सुरुवात करून अर्धा किलोहर्ट्झ इकडेतिकडे करत, जिथे नॉक आणि साध्या गोंगाटात सर्वांत जास्त फरक दिसेल तिथे थांबायचं.

नॉक खरा ठरला तरी मॅपला लगेच हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा नियम आहे. टायमिंग मागे घेतलं की टणटण जाते, पण जळण उशिरा होऊन एक्झॉस्टचं तापमान चढतं. सिलिंडर वाचवायला जाऊन टर्बाइन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून काढण्यात अर्थ नाही.

आधी हवेची गळती बघतो. टर्बोच्या तोंडाशी बूच बसवून एक बारपर्यंत दाब भरायचा आणि साबणाचं पाणी मारत प्रत्येक जोड तपासायचा. याला एवढं महत्त्व का, ते आकड्यांत सांगता येतं. ४० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे १३८ अंशांवर बाहेर पडते. इंटरकूलरचा (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज गळत असेल, तर तेवढाच बूस्ट द्यायला टर्बोला २.३ पट दाबावं लागतं आणि तीच हवा १६० च्या आसपास जाते. इंटरकूलर लहान असेल तर हा फरक थेट नॉकमध्ये उतरतो. इनटेक हवा बाहेरच्या हवेपेक्षा २५ अंशांहून जास्त तापत असेल, तर मॅपपेक्षा इंटरकूलरवर पैसे घालवा असं आम्ही ग्राहकाला स्पष्ट सांगतो.

पुण्याच्या गाड्यांना यात आणखी एक अडचण. शहर ५६० मीटर उंचीवर, हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सहा टक्के कमी. ईसीयूने निरपेक्ष १.९ बार मागितले, तर मुंबईत टर्बोला सुमारे १.९ पट दाबावं लागतं आणि इथे दुप्पट. टर्बो नसलेल्या गाडीला उंचीवर नॉकिंग कमी होतं. टर्बोच्या गाडीला तो फायदा मिळेलच असं नाही. मुंबईची दमट हवाही जळण किंचित मंदावते आणि नॉकला थोडी आवरते. त्यामुळे पावसाळ्यात मुंबईत बेतलेला मॅप मे महिन्यात पुण्यात जशास तसा चालेल, हे आम्ही गृहीत धरत नाही.

मग प्लग काढायचे. पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चमकणारे बारीक ॲल्युमिनियमचे कण दिसले, तर ट्यूनिंग तिथेच थांबतं आणि बोअरस्कोप (बारीक कॅमेरा) आत जातो. बूस्ट वाढवलेल्या गाडीत गॅप ०.६ ते ०.७ मिमी ठेवतो आणि प्लग एक पायरी थंड. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉशमध्ये उलट. एवढ्या एका गोष्टीवरून चुकीचे प्लग बसलेल्या गाड्या येतात. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोल पडतच नाही, म्हणून तिथे कार्बन चढत जातो. अक्रोडाच्या टरफलांच्या भुशाने ब्लास्टिंग करून तो काढावा लागतो. इनटेकमध्ये ऑइल दिसलं तर पीसीव्ही (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये नेणारा व्हॉल्व्ह) तपासायचा, कारण ऑइलचे कण मिश्रणाचं ऑक्टेन खाली ओढतात.

पेट्रोलच्या बाबतीत सर्वांत मोठा घोळ परदेशी फाइलींचा. अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा आरओएन आणि एमओएन या ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धतींची सरासरी असतो. आपल्याकडे फक्त आरओएन सांगतात. तिथल्या ९३ साठी लिहिलेल्या फाइलला आपलं साधारण ९८ लागतं. आकडा जवळचा वाटला म्हणून ती ९१ आरओएनवर चालवली, तर ईसीयू सतत टायमिंग ओढत राहतो. साधं पेट्रोल ९१ चं होतं तेव्हा ते आणि १०० समसमान मिसळलं की साडेपंचाण्णवच्या आसपास मिळायचं, पण ग्राहक दर वेळी तसं भरणार नसेल तर मॅप त्यावर बेतू नये. गाडी रोज जे पेट्रोल पिते, त्यावरच ट्यून.

हे सगळं निस्तरलं की मॅप. इंधन आधी: टर्बो गाडीत पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा ०.८२ ते ०.८५. ०.७८ च्या खाली नेऊन नॉक फारसा कमी होत नाही, उलट पेट्रोल सिलिंडरची भिंत धुऊन ऑइलमध्ये उतरतं. त्यानंतर टायमिंग अपेक्षेपेक्षा चार-पाच अंश मागे ठेवून डायनोवर (गाडी जागीच पळवून टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर) एकेक अंश पुढे. पुढच्या अंशाला टॉर्क एक टक्काही वाढत नसेल, तर नॉक नसला तरी तिथेच थांबतो. नॉक आधी आला तर तिथून दोन अंश मागे. त्यातून मिळणारा टॉर्क फार कमी असेल, तर बूस्ट ०.१ बारने उतरवून टायमिंग परत मिळवणं जवळजवळ नेहमी चांगलं. एक्झॉस्ट थंड राहतो आणि तिसऱ्या रनलाही पॉवर टिकते. डायनोसमोरचा पंखा छोटा असेल, तर रस्त्यावर नसलेला नॉक दिसतो, म्हणून शेवटचा लॉग नेहमी रस्त्यावरचा.

१,५०० ते २,५०० आरपीएमला जोरात बसणारा एकच ठोका ही वेगळी बाब आहे. तिथे मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटतं, त्यामुळे टायमिंग मागे घेऊन उपयोग शून्य. ऑइलचे थेंब आणि साठलेला कार्बन हे त्यामागचे संशयित; ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटने हा ठोका वाढतो आणि एपीआय एसपी दर्जाचं ऑइल त्यासाठीही तपासलेलं असतं. आमचा उपाय म्हणजे २,५०० च्या खाली टॉर्क आवरून ठेवणे. सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे, त्यामुळे क्लचही वाचतो. ग्राहकाला सुरुवातीचा धक्का कमी वाटतो, पण पिस्टन शाबूत राहतो.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आणि मानकाचं आरओएन ९५ झालं. मायलेजबद्दलची लोकांची तक्रार रास्त आहे, तरी नॉकच्या दृष्टीने हे इंधन चांगलं. इथेनॉल बाष्प होताना जास्त उष्णता शोषतं आणि सिलिंडरमधलं मिश्रण थंड ठेवतं. मात्र १० टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा साधारण चार टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. रेलचा प्रत्यक्ष दाब मागितलेल्यापेक्षा वरच्या आरपीएमला खाली पडत असेल, तर पंप तोकडा पडतोय. मिश्रण लीन (पेट्रोल कमी) होऊन इथेनॉलने दिलेला फायदा तिथेच जातो. वाचन हवा-इंधन गुणोत्तरात न करता लॅम्डातच करायचं, म्हणजे टाकीत इथेनॉल किती आहे याने गोंधळ होत नाही.

सध्या आमचा बराच वेळ १.० टीएसआयवर जातो. गाडी देताना मूळ आणि नव्या मॅपचे दोन्ही लॉग मालकाला देतो, कोणत्या पेट्रोलवर ट्यून केलं ते बिलावर लिहितो, आणि १,००० किलोमीटरनंतर गाडी परत बोलावतो. तेव्हा प्लग काढून पोर्सेलिन भिंगाखाली बघतो, तिन्ही सिलिंडरचे टायमिंगचे आकडे पहिल्या लॉगशेजारी ठेवतो, आणि एखादा सिलिंडर बाकी दोघांपेक्षा सातत्याने दोन अंश मागे असेल, तर इंजेक्टर अदलाबदल करून दोष त्याच्यासोबत सरकतो का ते पाहतो.