निदानाच्या आधी निरीक्षण

विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण मी शिक्षकांना देते. त्याला येणाऱ्या बहुतेकांना तयार यादी हवी असते : स्वमग्न मुलासाठी हे करा, डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) असेल तर ते करा. सुरुवातीला मी ती देत नाही. निदान एकच असलं तरी दोन मुलांच्या गरजा सारख्या असतीलच असं नाही. वर्गातल्या आवाजाने एक मूल कान झाकून घेईल, तर दुसरं स्वतःच बाक वाजवत बसेल.

मी त्यांना आपल्या वर्गातल्या एका मुलाबद्दल चार ओळी लिहायला सांगते. 'लक्ष नसतं', 'हट्टी', 'कच्चा आहे' असं हमखास येतं. मग सांगते, हे सगळं खोडा, फक्त डोळ्यांनी जे पाहिलंत ते लिहा. तेव्हा कागदावर उतरतं : 'वही काढा, तारीख घाला, फळ्यावरची दोन गणितं उतरवून घ्या' म्हटल्यावर तो वही काढतो आणि थांबतो. आता बोलण्यासारखं काहीतरी हाती लागलं! एका दमात तीन सूचना दिल्या आणि पहिली त्याने पाळली. कदाचित बाकीच्या दोन त्याच्या लक्षात राहिल्या नसतील. उद्या एकेक सूचना देऊन बघा, नाहीतर तिन्ही फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. फरक पडला तर कारण कळलं. नाही पडला तर पुन्हा बघायचं.

त्रासदायक वागण्याच्या बाबतीत तर आधी काय घडलं आणि नंतर काय घडलं, हे दोन्ही टिपावंच लागतं. मोठ्याने वाचायची पाळी जवळ आली की शेजाऱ्याला ढकलणारं मूल शिक्षा म्हणून वर्गाबाहेर जातं. वाचन टळलं! त्या मुलाला वाचता येत नाही आणि सगळ्यांसमोर ते उघडं पडण्याची भीती आहे, हे त्या शिक्षेखाली दडून राहतं. मला हे फार लागतं, कारण अशी मुलं वर्षानुवर्षं 'वांड' म्हणूनच ओळखली जातात.

काही बदल अगदी साधे असतात. ऐकू कमी येणारं मूल ओठांकडे बघत असताना फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. प्रश्न विचारल्यावर थांबायचं. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. ३ सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात.

विशेष गरजा असलेल्या मुलांना नेहमीच्या शाळेत जागा हवी, हे स्पेनमधल्या सालामांका शहरात झालेल्या परिषदेच्या १९९४च्या जाहीरनाम्यात ९२ देशांच्या सरकारांनी मान्य केलं. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातलं कलम २४ शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी सरकारांवर टाकतं. पण ही जबाबदारी एका दिवसाच्या कार्यशाळेने पार पडते, असं मला अजिबात वाटत नाही. सभागृहात पटलेली गोष्ट भरलेल्या वर्गात, घंटा व्हायला पाच मिनिटं उरलेली असताना, सुचत नाही. त्यासाठी कोणीतरी मागच्या बाकावर बसून तास बघावा लागतो आणि नंतर, गुण न देता, त्यावर बोलावं लागतं.

म्हणून प्रशिक्षण ठरवणाऱ्यांकडे मी एकच मागणी करते : भाषणाचे तास कमी करा आणि मला त्याच शिक्षकांच्या वर्गात पुन्हा येऊ द्या. मुख्याध्यापकांनीही आठवड्यातली एक तासिका मोकळी ठेवावी, दोन शिक्षकांना एकमेकांच्या वर्गात बसता येईल अशी. आणि ती वेळापत्रकात लिहिलेली असावी, नाहीतर बदली तासाला पहिला बळी तिचाच जातो.