फुकटात जाहिरात

"मामा, थांबव ना! कुठलं पुस्तक आहे ते?"

'द मेट्रिक्स' हा हॉलिवूडचा सिनेमा सुरू होऊन काही मिनिटंच झाली होती. नायक नीओनं पुस्तक उघडलं, तर आत पानं कोरून केलेला खळगा आणि त्यात लपवलेल्या डिस्क.

पुस्तक म्हणजे फ्रेंच विचारवंत ज्याँ बोद्रिआरचं नकलांविषयीचं 'सिम्युलाक्रा अँड सिम्युलेशन'. मूळ फ्रेंच, १९८१चं. म्हटलं, या माणसाला सिनेमा पटला नव्हता.

भाचा म्हणाला, "का? फुकटात जाहिरात झाली की त्याची!"

हे मात्र डोक्यात राहिलं. कारण जाहिरात खरंच झाली. मलासुद्धा बोद्रिआर हे नाव या सिनेमामुळेच कळलं.

पण त्याची तक्रार वेगळीच होती. सिनेमात माणसं 'मेट्रिक्स' नावाच्या, यंत्रांनी रचलेल्या भासमय जगात जगत असतात; लाल गोळी घेतली की खऱ्या जगात जाग येते. बोद्रिआर म्हणत होता, नकला इतक्या झाल्यात की मागे 'खरं' असं काही उरलेलंच नाही. मग जागं होऊन जाणार कुठे? भास विरुद्ध सत्य हा तर प्लेटोच्या काळातला प्रश्न, माझा नव्हे, असं त्याचं म्हणणं. २००३ मध्ये एका फ्रेंच साप्ताहिकाच्या मुलाखतीत त्यानं वर टोलाही हाणला: मेट्रिक्सबद्दल खुद्द मेट्रिक्सनं सिनेमा काढला असता, तर तो असाच निघाला असता! (काय खवट माणूस!)

त्याला खोडून काढायला पोकळ पुस्तक पुरेसं आहे, असं मला वाटतं. पुस्तकाची नुसती नक्कल, आत पुस्तकच नाही. दिग्दर्शकांना काहीच कळलं नव्हतं, असं कसं म्हणायचं?

पुढच्या भागांसाठी त्याला विचारणा झाली होती. तो गेला नाही.

तुम्ही गेला असतात?